फ्लेक्सवरचे सत्तावन्न टक्के

आप्पांना पोरांची नावं लक्षात राहत नसत. रँक मात्र पाठ असायचे. लातूरला क्लासेसच्या गल्लीत त्यांची खानावळ होती. नव्वदेक पोरंपोरी दोन वेळा जेवायला यायची आणि आप्पा त्या सगळ्यांना आठवड्याच्या चाचणीतल्या क्रमांकानं हाक मारायचे. "सातवा रँक, वरण घे." "एकोणतीस, ताटात टाकू नको, आई-बापानं पाठवलंय तुला." सोमवारी नवी यादी लागली की हाका बदलायच्या. आदल्या आठवड्यात नववा असलेला पोरगा आता चव्वेचाळिसावा झालेला असायचा. आप्पांनी "नववा" म्हणलं की तो सवयीनं अर्धवट उठायचा आणि दुसराच कुणीतरी पुढं गेलेला बघून पुन्हा खाली बसायचा.

मी तेव्हा त्याच गल्लीतल्या एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. माझं घर नांदेडला. नोकरीसाठी लातूरला आलो होतो, भाड्याच्या खोलीत एकटा राहत होतो आणि जेवायला आप्पांकडं जात होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच थांबवलं. उंच, वाळका माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, खांद्यावर पंचा. मूळचे उदगीरकडचे, त्यामुळं रागावले किंवा फार लाडात आले की बोलण्यात कानडी डोकावायची.

"नवे सर का तुम्ही?"

"हो."

"बारावीला किती होते?"

मी एम.एस्सी. झालेला माणूस. एवढ्या वर्षांनी हा प्रश्न कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. "चौसष्ट," मी म्हणालो.

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चौसष्ट टक्क्यांचा माणूस नव्वदवाल्यांना काय शिकवणार, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण अतिथीला तोंडावर कसं बोलायचं. "बरं, बसा," ते म्हणाले. "एक चमचा चालंल."

एक चमचा कशाचा, ते ताट पुढं आल्यावर कळलं. तुपाचा.

त्या खानावळीत तूप रँकवर मिळायचं. क्लासच्या चाचणीची यादी दर सोमवारी भिंतीवर चिकटवली जायची. पहिल्या दहांच्या भाकरीवर तुपाची धार पडायची. चाळिसाव्यापर्यंत एक चमचा. त्याच्या पुढच्यांना करडईचं तेल, तेही चटणीत कालवायला. बसायच्या ओळीसुद्धा तशाच. पहिली ओळ चुलीजवळ, भाकरी तव्यावरून थेट ताटात. शेवटची ओळ दाराशी, तिथपर्यंत भाकरी पोचेस्तोवर गार व्हायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला कुशीला लागायच्या.

मी एकदा वाद घातला. "आप्पा, ज्यांचं डोकं कमी चालतं त्यांना तुपाची जास्त गरज आहे ना?"

"सर, तुम्ही फिजिक्सचे ना?" आप्पा म्हणाले. "बंद पडलेल्या फटफटीत पेट्रोल वतून काय करायचं? आधी किक मारू द्या की त्याला."

आई-बापांना मात्र हा नियम फार आवडायचा. अर्धापूर, किनवट, देगलूर, कुठून कुठून पोरांना सोडायला आलेले बाप भिंतीवरची यादी बघून हरखून जायचे. एक जण तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, "बघा, हितं जेवणातसुद्धा शिस्त हाय." त्याचा पोरगा पुढं दोन वर्षं तेलावर राहिला.

आता लीलाबद्दल सांगतो. लीला म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. ती माझ्याच वर्गात होती, अकरावी-बारावी सायन्स, मेडिकलची बॅच. आप्पांनी ती चौथीत असतानाच तिला डॉक्टर करायचं ठरवलं होतं आणि तिला ते सहावीत कळलं होतं. शांत मुलगी. वर्गात तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची, वही नीट ठेवायची, अक्षर सुंदर आणि उत्तर बहुतेक वेळा चूक. चाचणीत तिचा नंबर सत्तरच्या मागं-पुढं असायचा. म्हणजे घरच्याच खानावळीत तिला शेवटच्या ओळीत, दाराशी, कोरडी भाकरी.

आप्पांना आपल्या या न्यायाचा फार अभिमान होता. नवा पालक आला की ते मुद्दाम दाराकडं बोट दाखवायचे. "ती माझी लेक हाय. त्र्याहत्तरावा रँक. आपल्याकडं वशिला न्हाई." लीला मान खाली घालून चटणी-भाकरी खात असायची. पालक कौतुकानं मान हलवायचे. मला वाटतं, स्वतःच्या पोरीला कोरडं खायला घालून एवढा आनंद मिळवणारा माणूस त्या अख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि ती गल्ली आधीच अशा माणसांनी भरलेली होती.

या न्यायाला काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, एक पळवाट काढलेली होती. लीलाच्या वरणाच्या वाटीत तळाशी तूप असायचं. वरून वरण ओतलेलं, त्यामुळं दिसायचं नाही. कितीतरी महिने हे चाललं. एका दुपारी आप्पा ओळीतून वाढत जाताना लीलाच्या वाटीपाशी थबकले. नाक त्यांचं तिखट. त्यांनी वाटी उचलली, बोट बुडवलं, चाखलं. नव्वद तोंडं हलायची थांबली.

"काय हाय हे?" त्यांनी स्वयंपाकघराकडं बघून विचारलं.

काकू बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "वरण हाय."

"ह्याच्या बुडाला काय हाय?"

"मी हाय," काकू म्हणाल्या.

आप्पांनी वाटी लीलापुढं ठेवली आणि पोरांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की खानावळीच्या मालकाकडून नियम मोडला गेला आहे, सबब मालक एक आठवडा कोरडं खाईल. आणि खरंच आठवडाभर त्यांनी भाकरीला ना तूप लावलं ना तेल. ठसका लागला की पाणी प्यायचे आणि आमच्याकडं विजयानं बघायचे. काकूंचं मात्र तळाशी तूप घालणं चालूच राहिलं. आप्पांनी पुन्हा लीलाची वाटी उचलली नाही.

बारावीचं वर्ष लागलं आणि आप्पांना गावभर सांगायला विषय मिळाला. पाण्याचा टँकर आला की ते टँकरवाल्याला म्हणायचे, "दमानं लाव पायपाला, लेकीची बारावी हाय." पायपाचा आणि बारावीचा काय संबंध, हे टँकरवाल्यानं कधी विचारलं नाही. भाजीवालीला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. लातूरबद्दल त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "हितं पाणी नसलं तरी हवा अभ्यासाची हाय." ती हवा कमी पडू नये म्हणून परीक्षेच्या महिन्यात त्यांनी खानावळीत कुकरच्या शिट्टीवर बंदी घातली. शिट्टीनं लेकीचं ध्यान मोडतं म्हणून. मग नव्वद जणांची तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजायला लागली, म्हणजे अर्धी शिजायची आणि अर्धी ताटात खडखडायची. आठवड्याभरात निम्म्या पोरांची पोटं बिघडली. मी आप्पांना म्हणालो, "डाळ कच्ची राहतेय."

"डाळ न्हाई सर. टेन्शन हाय ते," आप्पा म्हणाले. "बघा, रँकवाल्यांनाच जास्त होऊन राहिलंय."

पेपरच्या दिवशी ते लीलाला केंद्रावर सोडायचे आणि सुटेपर्यंत समोरच्या लिंबाखाली उभे राहायचे. बसायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ती आत बसून राहिली. मी बी बसलो तर काम कोण करायचं?" बाहेर उभं राहून ते नेमकं कोणतं काम करत होते ते मला कळलं नाही, पण संध्याकाळी त्यांचे पाय सुजलेले असायचे आणि काकू कोमट तेल लावून द्यायच्या.

निकाल दुपारी एक वाजता लागायचा होता. बारापासूनच खानावळीत सगळे मोबाइल घेऊन बसले होते. आप्पांनी भिंत धुऊन ठेवली होती आणि हातात खडू. एक वाजला, साइट बंद पडली, पुन्हा सुरू झाली. पोरं एकेक करून ओरडत आली आणि आप्पा भिंतीवर लिहीत गेले. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. मग फोन आला की शहाण्णवच्या जवळ गेलेला जो मुलगा शहरात गाजतोय, तो आपल्याकडं जेवलेला आहे. चार महिने जेवला होता, मग त्याची आईच लातूरला खोली करून राहायला आली. आप्पांना चार महिने पुरेसे होते. त्यांनी त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं. पहिल्यांदाच त्यांनी एखाद्याचं नाव विचारून घेतलेलं मी पाहिलं.

लीलानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याच फोनवर निकाल पाहिला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "सत्तावन्न पॉइंट तेहतीस. पास."

काकूंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आप्पांनी खडू उचलला. नियमाप्रमाणे त्यांनी तिचं नाव जिथं यायला हवं होतं तिथंच लिहिलं, पार खाली, जिथं भिंतीला ओल होती. मग वाढायला गेले. त्या दुपारी त्यांनी कुणालाच रँकनं हाक मारली नाही. कुणालाच हाक मारली नाही, नुसतं वाढत गेले.

संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. "सर, चला. फ्लेक्सकडं जाऊन येऊ."

दरवर्षी निकालानंतर आप्पा चौकात फ्लेक्स लावायचे. "आमच्या खानावळीचे मानकरी." पंच्याऐंशीच्या वरचेच फोटो, आणि टक्क्यांप्रमाणे फोटोचा आकार. त्या दिवसांत लातूरच्या चौकात आकाश दिसत नाही. आमच्या क्लासचा फ्लेक्स, समोरच्या क्लासचा फ्लेक्स, त्याच्या बाजूला अभ्यासिकेचा, होस्टेलचा, आणि केस कापणाऱ्यानंही एक लावलेला होता. सगळ्यांवर तोच शहाण्णवच्या जवळचा मुलगा. त्याला सगळ्यांनी मिळून घडवलं होतं. तो स्वतः काही करत होता की नाही, याचा उल्लेख कुठं नव्हता.

फ्लेक्सवाला तरुण होता, कॉम्प्युटरपुढं बसून भराभरा फोटो चिकटवत होता. "वर नेते कोणते टाकू?" त्यानं विचारलं.

"आपल्याकडं जेवलं का कुणी?"

"नाही."

"मग कशाला."

टॉपर मधोमध बसला. बाकीचे त्याच्याभोवती, मोठे, मध्यम, लहान. "झालं," फ्लेक्सवाला म्हणाला. आप्पांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यात लीलाचा फोटो होता, परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला.

"ही बी टाक."

"टक्के किती?"

"सत्तावन्न."

फ्लेक्सवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीकडं पाहिलं. "आप्पा, तुम्हीच म्हणलात पंच्याऐंशीच्या वरचे."

"म्हणलो की."

"बरं, खाली कोपऱ्यात बारीक टाकतो."

"बारीक न्हाई."

त्यानं थोडा मोठा केला. आप्पा म्हणाले, "अजून." त्यानं अजून केला. "अजून जरा." फोटो वाढत वाढत वर सरकला, अठ्ठ्याऐंशीला झाकून पुढं गेला, एक्क्याण्णवला ढकलून दिलं आणि मधोमध टॉपरच्या खांद्याला जाऊन भिडला.

"आप्पा, आता टॉपरला धक्का लागतोय."

"सरकव त्याला," आप्पा म्हणाले. "त्याला चौकभर जागा हाय. हिला एवढीच."

टक्के मात्र त्यांनी टाकू दिले नाहीत. "नुसतं बारावी पास लिव. ठळक लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. लीला दळण घेऊन येताना चौकात थांबली, वर बघितलं आणि घरी आली. मी नाश्त्याला बसलेलो होतो.

"आप्पा, माझे टक्के कुठं हायत?"

"राहू दे की. पास लिवलंय."

"सगळ्यांचे हायत. माझेच न्हाईत. लोक काय समजतील, कॉपी केली म्हणून लपवले?"

"अगं, लोक हसतील."

"हसू दे. मी पेपर लिवलेत आप्पा. कुणाचे आणलेले न्हाईत ते टक्के."

आप्पांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, मग काकूंकडं पाहिलं. काकू पोहे हलवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. दुपारी फ्लेक्सवाला शिडी घेऊन आला आणि पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरांत ५७.३३% असं छापून फोटोखाली चिकटवून गेला. मूळच्या निळ्या फ्लेक्सवर ती पांढरी पट्टी अशी उठून दिसायला लागली की टॉपरचे टक्के शोधावे लागायचे.

लोक हसले. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. संध्याकाळपर्यंत तो आमच्या संचालकांपर्यंत गेला.

आमचे संचालक मुलांना "बेटा" म्हणायचे आणि शिक्षकांना "टीम". त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ती मुलगी आपल्या बॅचची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आत्ता प्रवेश चालू आहेत. आपल्या टॉपरच्या शेजारी सत्तावन्न. पालक काय विचार करतील?"

"तो त्यांचा फ्लेक्स आहे सर."

"तुम्ही तिथं जेवता. ते तुमचं ऐकतील." मग समोरचा कागद सरळ करत म्हणाले, "फिजिक्सला किती आहेत तिला?"

"एक्केचाळीस."

"हं," ते म्हणाले. "तुमचं कॉन्ट्रॅक्टही याच महिन्यात आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आप्पांकडं गेलो. ते पोत्यावर बसून ज्वारी निवडत होते. मी फार गोड बोललो. म्हणालो, फोटो राहू द्या, पण जरा खाली घ्या, जरा लहान करा, तिलाच पुढं अवघड वाटेल. आपण दुसऱ्याच्याच भल्यासाठी बोलतोय असा आवाज मला त्या दोन वर्षांत चांगला जमायला लागला होता.

आप्पांनी खडा बाजूला टाकला. "सर, तिला फिजिक्स कुणी शिकवलं?"

"मी."

"किती पडले?"

"एक्केचाळीस."

"आन् त्या टॉपरला कुणी शिकवलं?"

"मीच."

"त्याला किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग अठ्ठ्याण्णव तुमचे आन् एक्केचाळीस तिचे, हे कसं काय? मला समजून सांगा. मी अडाणी माणूस हाय."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, आणि उत्तराची वाट बघत होते. मी थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसून ज्वारी निवडली आणि उठून आलो. संचालकांना सांगितलं की ते ऐकत नाहीत. हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

दोन दिवसांनी टॉपरचे वडील गाडी घेऊन आले. मोठे अधिकारी होते. खानावळीच्या दारात बूट न काढता उभे राहून म्हणाले, "माझ्या मुलाचा फोटो काढा. कुणाच्याही शेजारी लावलेला मला चालणार नाही."

मला वाटलं आता आप्पा हात जोडतील. तो फोटो म्हणजे खानावळीची पुढच्या वर्षाची सगळी भरती होती. आप्पा म्हणाले, "बरं. काढतो." तेवढंच. फ्लेक्सवाला पुन्हा शिडी घेऊन आला आणि त्यानं टॉपरला ब्लेडनं चौकोनी कापून काढलं. त्याचं पुढं काय केलं माहीत नाही. फ्लेक्सच्या मधोमध खिडकीएवढं भोक राहिलं. त्यातून वारा आरपार जायला लागला. चौकातले बाकीचे फ्लेक्स त्या आठवड्याच्या वावधानात फाटून लोंबले, आप्पांचा तसाच राहिला. भोकाच्या एका बाजूला एक्क्याण्णव, दुसऱ्या बाजूला लीला.

आणि मग एक रिक्षावाला आला. पोरगा बरोबर होता. "आप्पा, ती जागा रिकामी हाय का?" त्यानं विचारलं. "ह्याला बावन्न हायत. पास हाय."

आप्पांनी पोराला निरखून पाहिलं. "आपल्याकडं जेवला का कधी?"

"न्हाई."

"मग कसा लावू? फ्लेक्स खानावळीचा हाय."

रिक्षावाल्याचा चेहरा पडला. आप्पांनी विचार केला. नियम तर मोडायचा नव्हता. "आत बस," ते पोराला म्हणाले. "दोन भाकरी खा. मग आपला झालास."

पोरगा पोटभर जेवला. आप्पांनी स्वतः वाढलं, पुरे का म्हणून कानडीत "साकु का? साकु?" विचारत. पुरे म्हणेपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी भोकात त्याचा फोटो लागला, ५२% सकट.

ही बातमी कशी पसरली कुणास ठाऊक. होस्टेलात धुणीभांडी करणारी एक बाई लेकीला घेऊन आली, एकोणपन्नास टक्के. गवंड्याचा पोरगा आला, दोन विषय राहून दुसऱ्या वेळी सुटलेला. आप्पा प्रत्येकाला आधी जेवायला बसवायचे, मग फोटो घ्यायचे. आठवड्याभरात दुसरा फ्लेक्स करावा लागला. टक्क्यांप्रमाणे आकार करायला फ्लेक्सवाल्यानं साफ नकार दिला, एवढ्यांचा हिशेब कोण करणार म्हणून, त्यामुळं सगळे चेहरे एकाच मापाचे झाले. आई-बाप यायचे, खाली उभे राहून वर बघायचे, आपलं कोणतं ते शेजारच्याला दाखवायचे. मी एका म्हातारीला पाहिलं, तिनं चप्पल काढून ठेवून वर पाहिलं होतं.

आठ-दहा दिवसांनी विनापरवाना फ्लेक्स काढणारी गाडी आली आणि आप्पांचे दोन्ही फ्लेक्स गुंडाळून घेऊन गेली. क्लासेसचे, फाटलेले का होईना, राहिले. ते बहुधा परवान्याचे असतील.

एखाद्याला वाटेल की यानंतर आप्पा बदलले. तसं काही झालं नाही. जून महिन्यात नवी बॅच आली तेव्हा भिंतीवर पुन्हा यादी लागली आणि तूप पुन्हा रँकवर मिळायला लागलं. नव्वदाची पन्नासच पोरं झाली एवढंच. टॉपर होऊ शकणाऱ्यांच्या बापांनी दुसरी खानावळ बघितली होती. आप्पा म्हणायचे, "बरं झालं, भाकरी गरम जातीया सगळ्यांना." माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते संपलंच. टीममधून माझं नाव वगळल्याचं संचालकांनी मला ग्रुपमधून काढून कळवलं. मी नांदेडला परत आलो आणि एका कॉलेजात घड्याळी तासांवर शिकवायला लागलो.

त्याच जुलैमध्ये आप्पांचा फोन आला. डॉक्टरकीचं सोडून लीलाला पुढं भूगोल घ्यायचा होता. ती हे अकरावीपासून सांगत होती म्हणे. सांगत असणार. ऐकणाऱ्यांत मीही होतो आणि मला आठवत नव्हतं. तिची मावशी नांदेडला राहते, म्हणून आमच्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घालायचं ठरलं होतं. सकाळच्या एसटीनं दोघं आले. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, विभूतीचे पट्टे ताजे होते. हातात डब्याची पिशवी.

प्रवेशाच्या खिडकीपुढं लांब रांग होती. मी बाजूला उभा राहिलो. त्यांचा नंबर आला तेव्हा आतला क्लार्क मान वर न करता विचारत आणि लिहीत होता.

"नाव?"

लीलानं सांगितलं.

"टक्के?"

"सत्तावन्न पॉइंट तेहतीस," ती म्हणाली.

"वडिलांचा व्यवसाय?"

"खानावळ."

"वडिलांचं शिक्षण?"

लीलानं आप्पांकडं पाहिलं. मीही पाहिलं. दोन वर्षं ज्यानं मला, पोरांना, पोरांच्या बापांना किती शिकलात, किती पडले हे विचारलं होतं, त्याला ते आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. आप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आमच्या घरात बारावी झालीया," ते म्हणाले.

"तुमचं विचारलं मी."

"माझं सहावी. हिच्या आईचं काहीच न्हाई. पण घरात बारावी झालीया."

क्लार्कनं "सहावी" लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडं वळला. आप्पांनी वाकून खिडकीत डोकं घातलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"ते बी लिवा की."

"काय?"

"घरात बारावी झालीया म्हणून. हितं खाली जागा मोकळी हाय."

"ते ऑफिसच्या शेऱ्यासाठी आहे काका."

"मग हापिसनंच लिवावं," आप्पा म्हणाले, आणि डोकं बाहेर काढलं नाही.

मागची रांग कुरकुरायला लागली होती. लीला त्यांचा सदरा ओढत नव्हती. नुसती शेजारी उभी होती, सरळ. क्लार्कनं पहिल्यांदाच मान वर केली. आप्पांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा उघडलं. मग त्या मोकळ्या जागेत त्यानं बारीक अक्षरात एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि शिक्का मारला.